माझ्याकडून लागलेला आजार

३ मार्च, सोमवार

नवऱ्याचा, बिझविकचा रिपोर्ट आला. रक्तात एचआयव्हीचा विषाणू इतका कमी की यंत्राला सापडतच नाही. इतकी वर्षं दोघांनी न चुकता गोळ्या गिळल्या, त्याचं फळ. मी खुशीत कोंबडी कापली, मक्याच्या पिठाचा मऊसूत न्सिमा घोटला, आणि या माणसानं दोन घास खाऊन ताट सरकवलं. म्हणे पोट भरलं. कशानं भरलं, वाऱ्यानं?

मी आरोग्य केंद्रात गोळ्यांच्या रांगेपुढं बसते आणि लोकांना सांगते की एक दिवससुद्धा चुकवू नका. माझ्या तोंडाच्या पट्ट्याला अर्धा तालुका टरकून असतो. आणि माझ्याच घरात नवरा वाळत चाललाय. कमरेचा पट्टा खिळ्यानं नवी भोकं पाडून बांधतो. रिपोर्ट डिसेंबरच्या रक्ताचा आहे. त्यानंतर हा गोळ्या चुकवत असणार. दुसरं काय?

१२ मार्च

आता मी समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. आज तोंड उघडायला लावलं. तर म्हणतो, "मुख्याध्यापिकाबाई, जीभही उचलून दाखवू का?"

"उचला."

उचलली. गोळी नव्हती. दोघांनाही हसू आलं, पण हसताना त्यानं उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. विचारलं तर म्हणे कुदळ मारताना लचक भरली. कुदळ त्यानं जानेवारीपासून हातात धरलेली नाही. मला कंटाळा आला. खोटं पकडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

२८ मार्च, शुक्रवार

डोळे पिवळे झालेत. पोट पुढं आलंय आणि हातपाय काड्या. मी ठरवून टाकलं की टीबी. आमच्या लोकांना टीबीच होतो. आम्हा एचआयव्हीवाल्यांचं एक असतं, गुडघा दुखला तरी सगळे त्या एकाच आजाराकडं बोट दाखवतात, आणि सगळ्यात आधी आम्हीच दाखवतो.

कालुआनं तपासलं. तो काही पुरता डॉक्टर नाही, पण केंद्रात दुसरं कुणी नाही, म्हणून सगळे डॉक्टरच म्हणतात. पोरगेला, बडबड्या माणूस. बिझविकच्या पोटावर हात ठेवला आणि त्याची बडबड बंद झाली. जिल्ह्याला, देड्झाच्या इस्पितळात पोटाचा फोटो काढायला पाठवतोय. बिझविकचं रक्तही घेतलं, आणि माझंही.

"माझं कशाला?" मी विचारलं.

"असू द्या मावशी. एक दुसरी तपासणी आहे."

९ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही, पण झोपही लागत नाही.

सासूबाई डोंगरापलीकडून चालत आल्या होत्या. मुलाला बघायचं म्हणून. त्यांना मागं ठेवता आलं नाही, म्हणून केंद्रावर बरोबर नेलं. बिझविक आत खाटेवर होता. कालुआनं मला ओसरीवर बसवलं. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या.

"मावशी, यकृतात गाठ आहे. कॅन्सर. मोठी आहे."

"पण रिपोर्ट तर चांगला होता!"

"तो एचआयव्हीचा. काकांच्या रक्तात दुसराही एक आहे, हिपॅटायटिस बी. दोन चोर एकाच घरात राहत होते आणि आपण इतकी वर्षं एकाचीच झडती घेत बसलो. आपल्याकडं त्याची तपासणी करायच्या पट्ट्याच नव्हत्या."

मी म्हटलं, मग गोळ्या काय कामाच्या? तर म्हणाला, आपली आत्ताची गोळी दोघांनाही दाबून ठेवते, पण ती मिळायच्या आधी बरीच वर्षं गेली. एचआयव्ही असला की हा दुसरा जास्त जोरात यकृत खातो. खायचं ते तेव्हाच खाऊन झालं होतं. उपाय विचारला, तर खाली बघत म्हणाला, दुखणं कमी करायचं औषध देतो.

"माझं रक्त?"

"तुमच्यात नाही. तुम्हाला हा दुसरा लागलेला नाही."

काय मेलं नशीब! एक दिलं आणि दुसरं टाळलं. मग त्यानं विचारलं, काकांना भावंडं किती? मी सांगितलं: थोरला भाऊ पोट फुगून गेला, मधली बहीण पोट फुगून गेली, आता उरली ती धाकटी एनिफा. कालुआनं ते लिहून घेतलं.

"मग बहुतेक हा जन्मताना आईकडून आलाय. आईला पत्ताही नसतो. एनिफाचं रक्त तपासायला हवं. घरात कुणी पोटुशी आहे का?"

आहे. एनिफाची मुलगी एलुबी. ऑगस्टमध्ये मोकळी होईल.

"तिला आणा. आईत असेल तर शेवटच्या महिन्यांत तिला गोळी सुरू करायची आणि बाळाला जन्मल्या जन्मल्या, त्याच दिवशी लसीची सुई द्यायची. बाळ वाचतं मावशी. सुई मी जिल्ह्याहून मागवून ठेवतो, पण आईचं रक्त आधी बघायला हवं. उशीर झाला की बाळाचंही बिझविककाकांसारखंच."

एक बरं झालं, म्हातारीला हल्ली कमी ऐकू येतं आणि ती डुलक्या घेत होती. परतताना वाटभर एक शब्द बोलली नाही. दमली असणार.

२४ एप्रिल

बिझविकला न्यायला मामा आला. साकालामामा, सासूबाईंचा भाऊ, त्या घरातला शेवटचा शब्द त्याचा. आमच्यात पुरुष बायकोच्या गावी नांदतो, पण मरायचं आणि मातीत जायचं आईच्या गावी. वीस वर्षं हा माणूस माझ्या दारात राहिला, माझी कौलं शाकारली, आमची दोन्ही पोरं याच्याच हातानं पुरली, आणि आज मामा ओसरीवर बसून म्हणतो, "आमचा माणूस आम्हाला परत द्या." वाडगं उसनं नेल्यासारखं.

मी भांडले नाही. बैलगाडीत गवत टाकलं, त्यावर चटई, त्यावर बिझविक. माझंही गाठोडं टाकलं. मामानं गाठोड्याकडं बघितलं. "तूही?"

"औषध कोण देणार? तुम्ही?"

गाडीत बिझविक हळूच म्हणाला, "वरात निघाली बघ आपली." रस्त्यात खड्डे इतके, की नंतर तो काही बोलू शकला नाही.

गाडीमागून चालताना मामा माझ्याशी पुटपुटला, "तिसरं पोट फुगलंय या घरात. लोक माझ्या बहिणीकडं बोट दाखवतात. चेटकीण म्हणतात, पोटची पोरं खाणारी." मी त्याच्याकडं बघितलं तर त्यानं मान फिरवली. म्हणजे तोही त्या लोकांतलाच.

६ मे

आज मूर्खपणा केला.

भुईमूग सोलायला एनिफा आणि मी दोघीच होतो. आत एलुबी बिझविकचे पाय चेपत होती. पोरीचं पोट आता चांगलं दिसतं. मी म्हटलं, एनिफाताई, एक सांगायचंय, चिडू नका. आणि सगळं सांगितलं. हा आजार जन्मताना येतो, कुणाचा दोष नसतो, तुम्ही रक्त तपासा, एलुबीचं तर लगेच तपासा.

 एनिफानं शेंगांचं सूप भिरकावलं.

"म्हणजे माझ्या आईनं दिला? आमच्या आईनं पोरांना रोग पाजला म्हणतेस?"

"पाजला नाही हो. तिला तरी कुठं माहीत होतं…"

"वहिनी, तो आधीचा आजार या घरात कुणी आणला? आधी कुणाचं रक्त वाईट निघालं? तुझं! आणि आता माझ्या आईवर ढकलतेस? ती झोपताना तिच्या दाराबाहेर लोक थुंकतात, माहितीय तुला? तुला तेवढंच कमी वाटलं?"

हे खरं की तेव्हा माझं रक्त आधी तपासलं गेलं. पोटुशी होते म्हणून तपासलं. आधी तपासलं म्हणजे आधी आणलं, असं सासरच्यांनी ठरवलं आणि मीही भांडून भांडून सोडून दिलं.

८ मे

एनिफानं रागाच्या भरात हापशावर बायकांना सांगितलं. वहिनी म्हणते आईनंच पोरांना दिलं. हापशावर 'दिलं'चं 'खाल्लं' व्हायला किती वेळ लागतो?

काल कुणीतरी सासूबाईंच्या छपरावर दगड मारले. एक गवतातून आत, चुलीपाशी पडला. सकाळी त्या तो दगड उचलून बाहेर ठेवत होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "असू दे, जड नाहीये."

पलीकडच्या गावात गेल्या वर्षी अशाच एका म्हातारीला घरासकट जाळलं. हे मला आधी का आठवलं नाही? गोळ्यांवर दोन-दोन तास बोलणारी मी, डोकं कुठं ठेवलं होतं?

१९ मे

बिझविकला आज औषधानं जरा बरं होतं. डोळे हळदीसारखे. मला म्हणाला, "खरं सांग, हा दुसरा पाहुणा कुणाकडून आला?"

मी इतकी थकलेय की खोटं सुचलंच नाही. सांगितलं. तो छपराकडं बघत पडून राहिला.

"आईला कळू देऊ नकोस."

"नाही."

"आणि एलुबीचं काय?"

"तिची आई तिला माझ्याशी बोलू देत नाही. परवा मी पाणी दिलं तर ते ओतून टाकलं."

"तू काहीतरी करशील," तो म्हणाला. "तुझ्या तोंडापुढं कुणाचं चालतंय?" वर हसला. मला त्याचा इतका राग आला! स्वतः निघालाय आणि कामं माझ्यावर टाकतोय. मग त्याचा हात धरून बसले. या माणसावाचून मला जगता येणार नाही असं वाटतं, आणि हेही माहीत आहे की जगेन.

१ जून, रविवार

गेला. सकाळी, सगळे चर्चला गेले असताना. खोलीत सासूबाई आणि मी. शेवटी रक्ताची उलटी झाली. सासूबाईंनी कमरेच्या कापडाच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

४ जून

काल माती झाली. आज बैठक. आमच्यात माणूस गेला की त्याचा आजार सगळ्यांपुढं सांगावा लागतो: कधी धरला, कुठं नेलं, कशानं गेला. बायकोकडच्यांना जाब द्यावा लागतो. माझ्या बाजूनं माझा भाऊ बसला होता. समोर साकालामामा, त्यांची सगळी माणसं, आणि मागं उभे राहिलेले निम्मे गावकरी. हे लोक ऐकायला आलेले नव्हते. ते कशाला आलेत हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सासूबाई एका बाजूला मातीत बसल्या होत्या, त्यांच्याजवळ कुणी बसलं नव्हतं.

मामानं विचारलं, "सांग बाई. आमचा माणूस कशानं गेला? पोट कशानं फुगलं?"

खरं सांगितलं तर म्हातारी आजची रात्र काढत नाही. गप्प बसले तरी नाही. आणि एलुबी तिथंच, आईच्या मागं, दोन्ही हात पोटावर. मला फक्त एवढं वाटलं की हे आता संपावं. मी फार विचार केला असं मुळीच नाही.

मी म्हटलं, "यकृताचा कॅन्सर होता. तो एका विषाणूनं होतो. तो त्यांना माझ्याकडून लागला."

भाऊ दचकून माझ्याकडं बघायला लागला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. "आधीचाही माझ्याकडूनच लागला आणि हाही. डॉक्टर कालुआला विचारा, माझंही रक्त घेतलंय त्यानं. या घरात कुणी काही केलेलं नाही. जे आलं ते माझ्या गावाहून आलं."

"आणि थोरला? मधली?" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझं लग्न झालं तेव्हा ती दोघं जिवंत होती की नव्हती? माझ्या घरी येऊन राहत होती की नव्हती? एकाच वस्तऱ्यानं सगळ्यांची डोकी होत होती की नव्हती?"  लोक आपसात कुजबुजायला लागले आणि मला दिसलं, सगळ्यांच्या माना म्हातारीवरून माझ्याकडं वळल्या.

एनिफा उठली आणि तिनं माझ्या तोंडात मारली. मग दुसरी. मी तिचा हात धरला नाही.

"मारा," मी म्हटलं, "पण ऐका. त्यांची रक्ताची उलटी, घाण, सगळं एलुबीनं काढलंय. तुम्ही काढलंय. तुमच्यातही गेला असेल. केंद्रावर जाऊन रक्त तपासा. एलुबीनं उद्याच्या उद्या. नाहीतर ते बाळही माझ्यामुळंच जाईल."

एलुबी रडायला लागली. एनिफाच्या चेहऱ्यावरचा राग मी पुसला जाताना बघितला. त्याच्या जागी नुसती भीती आली. मला तीच हवी होती.

मामानं निकाल दिला. हिला सुतकाचं काही करायचं नाही, सुतक फिटताना हिचे केस आमच्यातलं कुणी उतरवणार नाही, पुन्हा या गावात पाय टाकायचा नाही. भाऊ माझ्याशी न बोलता सायकल काढून निघून गेला.

सासूबाईंचं मात्र मला नवल वाटलं.  मी गाठोडं बांधलं तर त्या पुढं आल्या, ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून चालायला लागल्या. सुनेचं गाठोडं सासू उचलते, असं कुणी कधी पाहिलंय? मागं माणसं बघत होती. वेशीच्याही पुढं, ओढ्यापर्यंत आल्या. तिथं ते माझ्या डोक्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी नीट बसवलं, आणि परत फिरल्या. मला गावाबाहेर काढायची एवढी घाई! पण मुलगा गेलाय त्यांचा, मी वाईट मानत नाही.

११ जून, बुधवार

एनिफा आणि एलुबी केंद्रावर आल्या. माझ्या टेबलापासून लांब, कडुनिंबाखाली बसल्या. दोघींतही निघाला.

कालुआला मी सकाळीच गाठलं होतं. सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसूनच राहिला.

"मावशी, पण तुमच्यात तर…"

"माझ्यात काय आहे आणि काय नाही हे तू कुणाला सांगू शकतोस का?"

"नाही. तसा नियमच आहे."

"मग पाळ की नियम."

खरी गंमत नंतर झाली. गंमतच म्हणायची. एलुबीला जी गोळी द्यायची ती आमच्याच कपाटातली. एचआयव्हीच्या गोळ्यांत जी असते, तीच हिपॅटायटिसवरही चालते. एनिफानं कपाट ओळखलं. साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "माझ्या पोरीला तिची गोळी! बघा, बघा लोकहो, हिनं दिलेलाच आजार आहे हा!" आता कुणालाच शंका उरली नसेल. माझ्या रांगेतल्या दोन बायका उठून दुसरीकडं बसल्या. इतकी वर्षं ज्यांना मी सांगत आले की आपल्याला लाज वाटण्यासारखं काही नाही, त्या.

पण एलुबीनं गोळी घेतली.

२० जुलै

काही नाही. भुईमूग घरी आणला, एकटीनं. संध्याकाळी चुकून दोन ताटं काढली.

१७ ऑगस्ट

दुपारी कालुआ स्वतः मोटारसायकलवरून आला. उतरायच्या आधीच ओरडला, "मावशी, मुलगी झाली! सकाळी. सुईपण दिली, मी स्वतः दिली!" एवढंसं अंग, सुई टोचली तर म्हणे असा गळा काढला की नर्सबाई हसायला लागल्या.

मी त्याला पाणी दिलं, शेंगा दिल्या. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि खूप रडले. बिझविक गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. आता मी फार, फार दमलेय.

सासूबाईंच्या छपराचं विचारलं होतं. कालुआ म्हणाला, कुणी काही करत नाही. म्हातारी पणतवंडाची वाट बघत दारात बसलेली असते.

१ ऑक्टोबर, बुधवार

एलुबी गोळ्यांसाठी रांगेत आली, एकटीच, पाठीला बाळ. मधल्या काळात एनिफा येऊन तिच्या गोळ्या नेत होती, माझ्याकडं न बघता. आज कालुआ देड्झाला गेलेला, नर्सबाई बाळंतिणीपाशी. समजावून सांगायला मीच.

माझ्यासमोर बसली. बाळाचं तोंड कापडानं झाकून घेतलं, माझी दृष्ट नको म्हणून असेल. पायाचा एक तळवा तेवढा बाहेर होता. मी त्याकडं न बघता रोजचं बोलायला लागले: रोज, एकाच वेळेला, जेवण असो नसो, प्रवासात बरोबर ठेवायची. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही, सोडली की यकृत सुजतं.

"बाळाच्या पुढच्या सुया झाल्या?"

"झाल्या."

"एकही चुकवू नकोस."

तिनं डबी पिशवीत टाकली. उठली, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मामी, आता जन्मभर रोज हे गिळायचं. तुझ्यामुळं."

 रांगेतले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळंच. पण गीळ. एक दिवस सोडू नकोस."